काच, साखर आणि जकात
सातारा-सांगलीच्या उद्योगेतिहासातील एक प्रकरण

ज्ञातीच्या स्मरणिकेत जकातीसारख्या रुक्ष विषयावर लेख कशाला, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या सभासद-कुटुंबांपैकी कित्येकांच्या माळ्यावर अद्यापि एखादा जुना ‘प्रभाकर’ कंदील गंजत पडलेला असेल. आणि साखरेचा डबा तर प्रत्येक घरी रोजच उघडला जातो. या दोहोंपैकी साखरेला तत्कालीन हिंदुस्थान सरकारने जकातीची भिंत बांधून दिली व काचेला ती नाकारली. दोन्ही निर्णय तीन वर्षांच्या अंतराने आणि एकाच कसोटीचा हवाला देऊन झाले. त्यांचे पडसाद कृष्णाकाठी कसे उमटले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा 1949 साली निर्माण झाला व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी या मुलखात ब्रिटिश सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, औंध, फलटण इत्यादी संस्थाने यांचे तुकडे गोधडीप्रमाणे एकमेकांस जोडलेले होते. बेळगावातून कारखाना हलविणे भाग पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन आणि भांडवल दिले, व 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर सहा वर्षांनी, 1916 साली, कऱ्हाड स्टेशनाजवळ याच संस्थानच्या हद्दीत व याच आश्रयाखाली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले.

ओगल्यांनी साधलेली वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. युद्धापूर्वी दिव्याच्या चिमण्या व बांगड्या मुख्यत्वे ऑस्ट्रिया-जर्मनीतून आणि खिडक्यांच्या काचा बेल्जममधून येत असत. 1914 साली युद्ध पेटले आणि ती गलबते थांबली. हिंदी कारखानदाराला जे संरक्षण कोणत्याही कायद्याने दिले नव्हते, ते युद्धाने फुकट दिले. पण शांततेबरोबरच परदेशी माल परत आला. शिवाय मधल्या काळात जपानने या बाजारात आपले पाय घट्ट रोवले होते. ओगलेवाडीस दगडी कोळसा बंगाल-बिहारकडील खाणींतून आणावा लागे, आणि पुण्यास तो रुंदमापी गाड्यांतून उतरवून मीटरमापी गाड्यांत चढवावा लागे. भट्टी तर रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. ती विझली की आतील कुंड्यांसह सारेच काम बिघडते. एवढे सोसून तयार झालेली चिमणी मुंबई बंदरात उतरलेल्या जपानी चिमणीशी एकाच दुकानात, एकाच फळीवर स्पर्धा करी.

त्या काळी आयात मालावर जकात नव्हती असे नाही. सर्वसाधारण दर युद्धापूर्वी शेकडा 5 होता. 1916 मध्ये तो साडेसात, 1921 मध्ये 11, 1922 मध्ये 15 व 1931 अखेर अधिभारासह 25 झाला. परंतु हे सारे सरकारची तिजोरी भरण्यासाठी. देशी धंदा वाढावा हा त्यामागील उद्देश नव्हता. वाढला तर तो योगायोग. आणि जकातीने एका हाताने दिलेले हुंडणावळ दुसऱ्या हाताने काढून घेई. 1927 साली रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरविल्याने परदेशी माल रुपयांच्या हिशेबाने स्वस्त झाला. पुढे 1931 च्या डिसेंबरात जपानने सुवर्णचलन सोडताच येनची किंमत घसरली व जपानी माल आणखी उतरला. येनच्या घसरणीपुढे शेकडा 25 ची जकातही तोकडी पडे.

धंदेवाइकांनी दाद कोठे मागावयाची, याची वाट 1921-22 च्या फिस्कल कमिशनने आखून दिली होती. अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला होते. सरसकट संरक्षण नको, पारखून द्यावे, असे त्या कमिशनचे मत पडले आणि त्यासाठी तीन अटी घातल्या गेल्या. धंद्यास कच्चा माल, शक्ती, मजूर व मोठी स्वदेशी बाजारपेठ यांची नैसर्गिक अनुकूलता असावी. संरक्षणावाचून त्याची वाढ होणे अशक्य असावे. आणि अखेरीस त्याने जागतिक स्पर्धेस स्वतःच्या पायावर तोंड द्यावे. या मार्गाने 1924 साली पोलादास संरक्षण मिळाले. काचेच्या धंद्याची चौकशी टॅरिफ बोर्डाकडे 1931 च्या ऑक्टोबरात सोपविण्यात आली. पुढील वर्षी बोर्डाचा अहवाल तयार झाला व तो संरक्षणाच्या बाजूचा होता. सरकारने त्यावर 1935 च्या जूनपर्यंत निर्णयच दिला नाही. आणि दिला तो नकाराचा!

नकाराचे कारण असे की, काचेस लागणारा सोडा या देशात पुरेसा होत नाही, तो परदेशातून आणावा लागतो, म्हणून पहिली अट पुरी होत नाही. वाळू येथली, चुनखडी येथली, कोळसा येथला, फुंकणी धरणारे कारागीर येथले आणि विकत घेणारी कोट्यवधी घरेही येथलीच. पण एका जिनसाखातर सारा धंदा अपात्र ठरला. हाच न्याय लावावयाचा तर मँचेस्टरला गिरण्या काढण्याचा अधिकार नव्हता, कारण लँकेशायरात कापसाचे एक बोंडही पिकत नाही. सांत्वनादाखल सरकारने आयात सोड्यावरील जकातीत काही सूट दिली. नव्या धंद्यातील माणसास नकारापेक्षाही ती तीन वर्षांची टांगणी अधिक जाचते, असे आमचे मत आहे. होकार येणार की नकार हे ठाऊक नसता नवी भट्टी कोण बांधील?

याच वर्षांत साखरेची कथा अगदी उलट घडली. 1930 च्या सुमारास देशात दरसाल सुमारे दहा लाख टन परदेशी साखर येत होती व तिच्यात जावाचा वाटा फार मोठा होता. 1932 च्या संरक्षण कायद्याने दर हंड्रेडवेटास, म्हणजे 112 पौंडांस, सात रुपये चार आणे जकात बसविली. 1931-32 साली देशात 32 साखर कारखाने होते; पाच वर्षांत ती संख्या 130 च्या वर गेली आणि जावाची साखर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. फलटण संस्थानातील साखरवाडी याच लाटेत नावारूपास आली. ऊस आपल्याच रानातला, म्हणून पहिली अट आपोआपच पुरी झाली. सरकारला मात्र बुडालेली जकात भरून काढावयाची होती. 1934 साली देशी साखरेवरच उत्पादन कर बसला. हे संरक्षण 1950 साली उठले. त्यानंतर आयात-परवान्यांच्या आडोशाने सांगलीस वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने व रेठऱ्यास यशवंतराव मोहिते यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाने उभे राहिले, हे वाचकांस ठाऊकच आहे.

या भिंतीचा खर्च कोणी सोसला? साखर विकत घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीने. पोलादाची जकात नांगर, मोट आणि चरक वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. जकात ही कोणी तरी कोणाला दिलेली वर्गणीच असते. फक्त तिची पावती फाडली जात नाही. ओगलेवाडीचा माल मात्र ज्यांनी जकातीवाचून घेतला, त्या स्वदेशीव्रती घरांनी ती वर्गणी जाणूनबुजून भरली. चिमणी दोन पैसे महाग पडली तरी देशी घ्यावयाची, हा त्यांचा संकल्प म्हणजे स्वतःवर बसविलेली जकातच होय. औंधच्या दरबाराचे भांडवल आणि हा गिऱ्हाइकांचा निश्चय, या दोन आधारांवर ‘प्रभाकर’ कंदील अमेरिकन व जर्मन कंदिलांशी झुंजला आणि खेडोपाडी पोहोचला. आज तासगावच्या बेदाण्याचे बागाईतदार परदेशी बेदाण्याविरुद्ध जी तक्रार करतात, तिच्यात हाच जुना हिशेब आहे. अफगाणिस्तानच्या मालास दक्षिण आशियाई करारान्वये सवलत आहे, आणि आपल्याच ज्ञातीतील बागाईतदार व मिठाईवाला या प्रश्नावर एका बाजूस बसतील असे वाटत नाही.

सोड्याचा शेवट तर नमूद करण्यासारखाच आहे. काठेवाडात ध्रांगध्रा व मिठापूर येथे सोड्याचे कारखाने निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर त्या धंद्यानेही परदेशी सोड्याविरुद्ध संरक्षण मागितले व मिळविले. म्हणजे 1935 साली ज्या सोड्याच्या अभावी काचेला संरक्षण नाकारले, तोच सोडा स्वदेशी झाल्यावर त्याच्या जकातीचा भार काच कारखान्यांवर पडला. कंदिलाला मात्र परदेशी मालाने मारले नाही. 1962 साली कोयनेचे वीजकेंद्र सुरू झाले, पुढील वर्षांत तारा वाडीवस्तीपर्यंत गेल्या आणि चिमण्यांची मागणी आटत गेली. ओगलेवाडीची भट्टी यथाकाल विझली. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन मात्र अद्यापि तेथेच आहे.