हरिश्चंद्राला कसली घाई?

श्रावणात कानबाईच्या रोटांना आम्ही सगळे भाऊबंद शिंदखेड्याला जमतो. यंदाही जमलो. दुपारी जेवणं आटोपून मंडळी आडवी झाली आणि पुतण्याने मला हळूच आतल्या खोलीत नेलं.

"काका, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? जरा बघा ना, मॉनिटर अडकतोय."

(मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला माणूस. पण घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटरवाला म्हटलं की त्यात सगळंच आलं. असो.)

मॉनिटर नवाकोरा, खास गेम खेळायचा. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा. शिवाय त्याला 'व्हेरिएबल रिफ्रेश रेट'. साध्या मॉनिटरचा ठेका ठरलेला असतो, सेकंदाला ६० वेळा. गेमचं पुढचं चित्र तयार असो वा नसो, तो आपल्या ठेक्यावर चालतो. चित्राला जरा उशीर झाला की जुनंच चित्र पुन्हा दाखवतो आणि हालचाल अडखळते. नाहीतर अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटकं चित्र दिसतं. या नव्या प्रकारात मॉनिटर चित्राची वाट बघतो. चित्र आलं की दाखवतो. २०१३ साली जी-सिंक आलं, २०१५ पासून फ्रीसिंकचे मॉनिटर मिळू लागले, तेव्हा ही मोठी क्रांती म्हणून गाजली होती.

आणि तरीही पुतण्याच्या गेममधली गाडी पळता पळता उचकी लागल्यासारखी करत होती.

ते बघताना मला आमचे नाना आठवले. नाना तरुणपणी दोन-तीन हंगाम एका टूरिंग टॉकीजबरोबर फिरले होते. तापीपलीकडे सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, मग पुढची गावं. प्रोजेक्टर सांभाळायचं काम. जनरेटर दमला की पडद्यावरचं गाणं कसं रेंगाळायचं आणि तंबूतून कशा शिट्ट्या यायच्या, हे ते साभिनय सांगत.

एकदा दूरदर्शनवर दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा तुकडा दाखवत होते. राजा तुरुतुरु चालतोय, राजपुत्र झटकन धनुष्य उचलतोय, सगळ्यांना कुठली तरी गाडी गाठायची असल्यासारखं. आम्ही पोरं हसून लोळत होतो. नाना एवढंच म्हणाले, "ते नाही पळत. तुमचा टीव्ही पळवतोय त्यांना."

तेव्हा ते डोक्यावरून गेलं. कळलं ते फार उशिरा.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. सर्वसाधारण रीत म्हणजे सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला १६. पण हात तो हातच. फिरवणारा कधी जोरात फिरवणार, कधी सावकाश. प्रोजेक्टरवाल्याचाही हात हँडलवर, नाहीतर वेग कमीजास्त करायच्या खुंटीवर. पडद्यावरची माणसं पळायला लागली की तो हात आवरता घ्यायचा. आता सांगा, दाखवणाऱ्याने दाखवायच्या चित्राचा वेग धरायचा, हेच तर जी-सिंकवाले २०१३ मध्ये सांगत होते ना?

मग बोलपट आला. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, म्हणजे मराठीत बोलला तोही हरिश्चंद्रच! आवाज आला आणि हाताचं राज्य संपलं. चित्र थोडं हळू झालं तर डोळा सांभाळून घेतो, पण वेग डळमळला की नायिकेचा आवाज लगेच घोगरा होतो. म्हणून सगळीकडे वेग पक्का झाला, सेकंदाला २४. टीव्ही आला तो आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेच्या हिशेबाने सेकंदाला २५ चित्रं दाखवू लागला. २४ चा सिनेमा त्यावर २५ ने पळवत, म्हणजे अडीच तासांचा सिनेमा टीव्हीवर सहा मिनिटं आधीच संपायचा. कॉम्प्युटर आले ते बहुतेक ६० चा ठेका घेऊन. तेव्हापासून दाखवणारं यंत्र मालक आणि चित्र त्याचं ताबेदार. ऐंशीएक वर्षं हे असंच चाललं.

यात नुकसान झालं ते जुन्या माणसांचं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी पुस्तकांत ३७०० फूट दिलेली असते. ३५ मिलीमीटरच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे सेकंदाला १६ च्या वेगाने एक फूट एक सेकंद चालतो. हिशेब सोपा आहे, ३७०० सेकंद, तासाहून थोडं जास्त. आणि जिथे तिथे या सिनेमाचा कालावधी काय लिहिलेला दिसतो? ४० मिनिटं! हाच हिशेब २४ ने करून बघा, बरोबर ४१ मिनिटं येतात. वीस मिनिटं आपण गिळून टाकली, आणि वर त्या लोकांना हसलो. 'तेव्हाचे नट बावळट होते' असं मी स्वतः कॉलेजात ऐटीत म्हटल्याचं आठवतं.

तर मॉनिटर. आधी केबल बदलली, मग मॉनिटरच्या मेनूत ती सोय चालू आहे का पाहिलं, मग ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये. सगळं ठीक. मग खोक्यावरचे बारीक आकडे वाचले. या मॉनिटरची वाट बघायची मर्यादा ४८ ते १४४. वेग ४८ च्या खाली गेला की तो एकच चित्र दोनदा दाखवतो, ४० चे ८० करतो. पुतण्याने सगळ्या सावल्या, सगळी झाडं पूर्ण ताकदीवर ठेवलेली, त्यामुळे गेम ४५ ते ५५ मध्ये हेलकावे खात होता. मॉनिटर सारखा या नियमातून त्या नियमात, आणि प्रत्येक उडीला एक झटका.

(हा ४८ चा आकडा नानांच्या यंत्रातही होता. सेकंदाला ४८ वेळा उजेड पडला की डोळ्याला लुकलुक फारशी जाणवत नाही. म्हणून मूकपटाच्या प्रोजेक्टरला तीन पात्यांची झडप असे, १६ त्रिक ४८. बोलपटाला दोन पात्यांची, २४ दुणे ४८. एकच चित्र दोनदा दाखवायची युक्ती काही आजची नाही.)

सावल्या कमी केल्या. वेग ६० च्या वर राहू लागला. वरचं टोक १४० वर बांधून टाकलं, म्हणजे १४४ च्या छतालाही डोकं लागायला नको. निम्म्याहून जास्त उचक्या गेल्या.

उरलेल्या गेल्या नाहीत. तेव्हा प्रत्येक चित्राला लागलेला वेळ आलेखावर काढला. बाकी सगळं १५-१६ मिलिसेकंदात, आणि मध्येच एकदम ७०. हे मॉनिटरच्या हातात नाही. कॅमेरावाल्याचाच हात थबकला तर प्रोजेक्टरवाला काय करणार? गेम जुन्या हार्ड डिस्कवर होता, तो एसएसडीवर हलवला. बरंच सुधारलं.

मग त्याच मॉनिटरवर मी पुतण्याला 'राजा हरिश्चंद्र'चं इंटरनेटवर मिळणारं रीळ लावून दिलं. आधी जसंच्या तसं. तो हसला. मग वेग पाऊणपट केला, २४ चे १८. राजा मुलाला धनुष्य कसं धरायचं ते दाखवतोय, राणी बाजूला उभी राहून बघतेय. कुणालाही घाई नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, हे तर साधंच चालतायत."

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय व्हयनं रे भो? झाला का दुरुस्त?"

पूर्ण नाही. नवीन जागा उघडली की अजूनही एखादी उचकी लागतेच. कुणाला उपाय ठाऊक असेल तर जरूर कळवा, पुतण्या वाट बघतोय.