ॲव्हेंजर : बजाजची क्रूझर मोटरसायकल

पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीची क्रूझर धाटणीची मोटरसायकल. कावासाकीच्या साथीने बजाजने २००१ मध्ये एलिमिनेटर ही १७५ सीसीची गाडी आणली. तिची किंमत तेव्हाच्या मानाने चढी होती. तोच लांबट सांगाडा ठेवून आत पल्सरचे १८० सीसी इंजिन बसवले आणि २००५ मध्ये ॲव्हेंजर बाजारात आली. २००७ मध्ये इंजिन २०० सीसीचे झाले, २०१० मध्ये २२० सीसीचे. परदेशात एवढ्या इंजिनाला कुणी मध्यम म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र ते मधल्या गटात खपून जाते.

ओळखीची पहिली खूण सीट. ती जमिनीपासून अवघी ७३७ मिमी. पाच फूट उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय सिग्नलला जमिनीवर टेकतात. गाडी तोलायची भीती राहत नाही. पायदाने पुढे, हँडल रुंद आणि मागे ओढलेले, टाकी थेंबाच्या आकाराची, पुढचा फोर्क तिरका, मागचे टायर जाड. दोन चाकांमधले अंतर १४९० मिमी असल्याने सरळ रस्त्यावर गाडी डुलत नाही. गल्लीत वळवताना मात्र तेच अंतर आडवे येते. २०१५ पासून तिची दोन रूपे झाली : क्रोम, उंच काच आणि आऱ्यांची चाके असलेली क्रूझ, व काळ्या रंगावर भर देणारी, बुटक्या हँडलची स्ट्रीट. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते. खिळा घुसला की हवा झटकन जाते, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे.

या गाडीसाठी जवाहरनगरसारखी जागा सोयीची. भंडारा आयुध निर्माणीची ही वसाहत नागपूर–भंडारा महामार्गाच्या पट्ट्यात आहे. चौपदरी सपाट रस्ता, घाट नाही. वैशाखात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो तेव्हा २२० सीसीच्या इंजिनाचा ऑइल कूलर शोभेचा राहत नाही. खड्डा आला की मात्र खरी परीक्षा. पाय पुढे असल्याने पायदानांवर उठून झटका झेलता येत नाही, तो थेट माकडहाडात जातो. डबलसीट बसणाऱ्याचे हाल त्याहून जास्त.

खरी उणीव इंजिनात. क्रूझरने मंद फेऱ्यांवर जोर द्यावा, ही अपेक्षा. ॲव्हेंजर २२० चा १७.५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर. रॉयल एनफील्डची मिटिऑर ३५० (२०२०) ४,००० फेऱ्यांवरच २७ न्यूटन-मीटर देते. रूप क्रूझरचे आणि स्वभाव पल्सरचा, असे या गाडीचे आहे. वजनाने मात्र ती मिटिऑरहून पंचवीसेक किलोंनी हलकी. रोजच्या ड्यूटीला जाणाऱ्याला हा फरक टॉर्कच्या आकड्यापेक्षा आधी कळतो.

एलिमिनेटर हे नाव कावासाकीने २०२३ च्या अखेरीस भारतात पुन्हा आणले. इंजिन ४५१ सीसीचे, दोन सिलिंडरांचे. सीटची उंची ७३५ मिमी, म्हणजे ॲव्हेंजरपेक्षा दोन मिमी कमी.