गेमरगेट आणि त्याआधीची वाट

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्त्रियांचा ऑनलाइन छळ म्हटले की ‘गेमरगेट’चे नाव सर्वांत आधी येते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत ते प्रकरण उसळले. पण त्याची पूर्वतयारी कित्येक वर्षे चालू होती. बाजाराने तिला हातभार लावला, कंपन्यांच्या मौनाने बळ दिले आणि आधीच्या काही स्त्रियांवर छळाचे प्रकार करूनही पाहिले गेले.

गेम हा पुरुषांचा प्रांत आहे, ही या छळामागची धारणा. इतिहासात तिला आधार सापडत नाही. कॅरल शॉ १९७८ मध्ये अटारी कंपनीत रुजू झाल्या. पुढे अ‍ॅक्टिव्हिजनसाठी त्यांनी केलेला ‘रिव्हर रेड’ (१९८२) त्या काळच्या सर्वाधिक गाजलेल्या गेमपैकी एक ठरला. आर्केडमधला ‘सेंटिपीड’ डोना बेली आणि एड लॉग या जोडीचा. रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८० मध्ये घरी बसून ‘मिस्टरी हाउस’ची आखणी केली आणि साहसी गेममध्ये चित्रे आणली, त्यांच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेवर एक अख्खी कंपनी उभी राहिली.

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. दुकानदार गेमचे नाव काढायला तयार नव्हते. १९८५ मध्ये निन्टेन्डोने आपले यंत्र खेळणे म्हणून विकायला आणले, आणि खेळण्यांच्या दुकानात मुलांचे कप्पे वेगळे, मुलींचे वेगळे. गेम मुलांच्या कप्प्यात गेले. नव्वदच्या दशकातल्या जाहिराती उघडउघड किशोरवयीन मुलांना उद्देशून होत्या. विक्रीच्या सोयीसाठी केलेल्या या वाटणीलाच पुढची पिढी निसर्गनियम समजू लागली. इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशनच्या २००५ च्या पाहणीत या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण ११.५ टक्के होते. २०१४ मध्ये ते २२ टक्क्यांवर गेले. अमेरिकेत गेम खेळणाऱ्यांमध्ये तोवर जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. छळाची मोठी लाट आली ती नेमकी हे प्रमाण वाढत असताना, आणि हा योगायोग मानणे कठीण आहे.

सुरुवातीच्या घटना सुट्या वाटाव्यात अशा होत्या. २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’च्या निर्मात्या जेड रेमंड गेमच्या प्रसिद्धीसाठी पुढे आल्या, तेव्हा त्यांच्यावर एक अश्लील चित्रकथा काढून पसरवण्यात आली. गेम कसा झाला आहे यापेक्षा तो दाखवणारी बाई कशी दिसते यावर चर्चा रंगली. २०१२ मध्ये बायोवेअर कंपनीतल्या लेखिका जेनिफर हेपलर यांची जुनी मुलाखत उकरून काढली गेली. गेममधले संवाद जसे वगळून पुढे जाता येते तशी लढाईही वगळता यावी, असे त्यांनी २००६ मध्ये म्हटले होते. एवढ्या साध्या मतावरून त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला आणि धमक्या मुलांपर्यंत पोहोचल्या. जुने वाक्य शोधायचे, संदर्भ तोडून फिरवायचे आणि गर्दी गोळा करायची ही पद्धत इथे स्पष्ट दिसते.

त्याच वर्षी समीक्षक अनिता सारकीसियन यांनी गेममधल्या स्त्रीपात्रांच्या ठरीव साच्यांवर व्हिडिओमालिका करण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ६,००० डॉलरचे आवाहन केले. एकही भाग तयार होण्याआधी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली. विकिपीडियावरचे त्यांचे पान विद्रूप झाले. क्लिक केले की त्यांच्या चेहऱ्यावर मार बसून जखमा उमटतील असा एक गेमही कोणीतरी बनवला. सहानुभूतीने मदतीचा ओघ वाढून रक्कम १ लाख ५८ हजार डॉलरच्या पुढे गेली. ‘बाई आमच्या नावाने पैसा कमावते’ ही ओरड त्या आकड्यामुळेच पुढे कायमची चिकटली.

गेमरगेट ज्या गेमभोवती पेटले तो अगदी छोटा होता. झोई क्विन यांचा ‘डिप्रेशन क्वेस्ट’ (२०१३) हा जवळजवळ केवळ मजकुराचा गेम आहे. खेळाडूपुढे रोजचा एखादा प्रसंग येतो आणि खाली पर्याय दिसतात. त्यांतला सगळ्यात शहाणपणाचा पर्याय वाचता येतो, पण त्यावर काट मारलेली असते. तो निवडताच येत नाही. नैराश्य जसे वाढते, तसे काट मारलेले पर्यायही वाढतात. काय करायला हवे ते कळते आणि तेच करता येत नाही, ही नैराश्याची अवस्था इतक्या थोड्या साधनांत क्वचितच कोणी दाखवली असेल. फुकट मिळणारा हा गेम ऑगस्ट २०१४ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आला.

त्याच महिन्यात क्विन यांच्या एका माजी जोडीदाराने त्यांच्या खासगी आयुष्याविषयी लांबलचक मजकूर जाहीर केला. त्यावरून आरोप झाला की एका पत्रकाराशी संबंध ठेवून क्विन यांनी गेमचे अनुकूल परीक्षण मिळवले. त्या पत्रकाराने गेमचे परीक्षण लिहिलेलेच नव्हते. आरोप तिथेच संपायला हवा होता. पण २७ ऑगस्टला अभिनेता अ‍ॅडम बाल्डविन याने ‘गेमरगेट’ हा हॅशटॅग वापरला आणि छळाला झेंडा मिळाला. ‘पत्रकारितेतली नीतिमत्ता’ हे त्यावरचे घोषवाक्य. न्यूजवीकने ट्विटरवरच्या संदेशांची मोजणी केली, तेव्हा त्या पत्रकारापेक्षा क्विन यांना सुमारे १४ पट अधिक संदेश गेल्याचे आढळले. नीतिमत्तेचा प्रश्न पत्रकाराला विचारायचा असतो; इथे पत्रकार जवळजवळ सुटला आणि गेम बनवणारी व्यक्ती सापडली.

हे आपोआप झाले नव्हते. चॅटखोल्यांतल्या नोंदी क्विन यांनी सप्टेंबरमध्ये उघड केल्या. त्यांत मोहिमेची आखणी चाललेली दिसते. आखणीचा बराचसा भाग ४चॅन या संकेतस्थळावर चाले, कारण तिथे नाव न देता लिहिता येई. तिथे मनाई झाल्यावर मंडळी ८चॅन या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर गेली. त्यांची हत्यारे ठरलेली होती. बळीचा पत्ता, फोन नंबर, नातेवाइकांची नावे शोधून जाहीर करणे म्हणजे डॉक्सिंग. खोट्या फोनने सशस्त्र पोलिसांची तुकडी एखाद्याच्या दारात पाठवणे म्हणजे स्वॅटिंग. धमकी देणारा एक, पत्ता टाकणारा दुसरा, नुसता ‘प्रश्न विचारणारा’ तिसरा. या वाटणीमुळे कोणाही एकावर जबाबदारी ठरत नसे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रकरण टोकाला गेले. ‘रेव्होल्यूशन ६०’ हा गेम करणाऱ्या ब्रियाना वू यांनी गेमरगेटची खिल्ली उडवताच त्यांचा पत्ता ८चॅनवर आला आणि जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे त्यांना मॅसॅच्युसेट्समधले घर सोडावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच सारकीसियन यांचे यूटा स्टेट युनिव्हर्सिटीत व्याख्यान होते. आदल्या दिवशी विद्यापीठाला निनावी पत्र आले: व्याख्यान झाले तर गोळीबार होईल. त्यात १९८९ मध्ये माँट्रियलच्या एकोल पोलिटेक्निकमध्ये १४ स्त्रियांचा बळी घेणाऱ्या मारेकऱ्याचा उल्लेख होता. सारकीसियन यांनी सभागृहात शस्त्रे येऊ देऊ नयेत असे सांगितले. परवाना असलेल्याला विद्यापीठात पिस्तूल बाळगण्याची मुभा यूटाच्या कायद्यातच असल्याने पोलिसांनी असमर्थता दाखवली. व्याख्यान रद्द झाले. ज्याला गप्प बसवायचे होते त्याने गप्प बसवले, आणि कायदा त्याच्या कामी आला.

उद्योगातल्या बड्यांनी कणखरपणा दाखवला नाही. गेमरगेटवाल्यांच्या पत्रांनंतर इंटेलने ‘गामासूत्रा’ या गेम व्यवसायाविषयीच्या संकेतस्थळावरच्या जाहिराती मागे घेतल्या. नंतर माफी मागितली आणि जानेवारी २०१५ मध्ये तंत्रक्षेत्रातल्या विविधतेसाठी ३० कोटी डॉलरची घोषणा केली. त्याच महिन्यात क्विन यांनी छळ झालेल्यांच्या मदतीसाठी ‘क्रॅश ओव्हरराइड नेटवर्क’ सुरू केले. मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रेस सदस्य कॅथरीन क्लार्क यांनी एफबीआयकडे पाठपुरावा केला आणि स्वॅटिंगविरोधी विधेयक मांडले. २०१६ च्या सुरुवातीला त्यांच्याच घरी खोट्या फोनवरून पोलीस धाडले गेले. एफबीआयने तपासाची कागदपत्रे २०१७ मध्ये खुली केली. संशयितांपर्यंत तपास पोहोचला होता, पण कोणावरही खटला भरला गेला नाही. धमक्या सोसणाऱ्यांच्या बाबतीत हा सरळसरळ अन्याय होता.

शिक्षा झाली नाही, तेव्हा पद्धत टिकली. २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मधल्या अ‍ॅबी या पात्राच्या कृत्यांचा राग तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांच्यावर निघाला, त्यांना खुनाच्या धमक्या आल्या. २०२४ मध्ये रोख वळला माँट्रियलच्या ‘स्वीट बेबी’ या छोट्या संस्थेकडे. गेमच्या कथानकाविषयी सल्ला देण्याचे काम ती करते; तिच्या प्रमुख किम बेलेअर आधी यूबीसॉफ्ट या गेम कंपनीत लेखिका होत्या. संस्थेने हात लावलेल्या गेमची यादी स्टीमवर निघाली आणि तिचे अनुयायी लाखाच्या वर गेले. ‘अ‍ॅलन वेक २’ची एक नायिका कृष्णवर्णीय आहे ती स्वीट बेबीच्या दबावामुळे, असे सांगितले जाऊ लागले. गेमच्या दिग्दर्शकांपैकी एकाने ते खोटे असल्याचे जाहीरपणे सांगितले. तरीही यादी वाढत राहिली, आणि संस्थेत काम करणाऱ्यांच्या खात्यांवर दहा वर्षांपूर्वीच्याच धमक्या येऊ लागल्या.