‘आधी तू टाक’ : गेममधल्या सौद्यांची आणि लबाडीची गोष्ट

‘आधी तू टाक, मग मी टाकतो.’ ऑनलाइन गेममधली बहुतेक फसवणूक या एका वाक्यात मावते. समोरचा कोण, कुठला, काही माहीत नाही. त्याच्याकडे तलवार आहे, तुमच्याकडे नाणी. दोघांपैकी कुणाला तरी आधी हात सोडावा लागतो, आणि ज्याने आधी सोडला तो तेवढ्या क्षणापुरता समोरच्याच्या इमानावर उभा असतो.

१९९७ च्या सुमारास ‘डायब्लो’ इंटरनेटवर खेळणारे हे अक्षरशः करायचे. त्या गेममध्ये देवाणघेवाणीची सोयच नव्हती. मी माझी वस्तू जमिनीवर टाकायची, तू तुझी टाकायची आणि मग एकमेकांची उचलायची. पळणारा दोन्ही उचलून पळायचा. २००० साली ‘डायब्लो २’ आला आणि त्यात एक चौकट आली. एका बाजूला तुझा माल, दुसऱ्या बाजूला माझा, दोघांनी होकाराचं बटण दाबलं तरच अदलाबदल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत याला ॲटॉमिक व्यवहार म्हणतात. एक तर दोन्ही बाजू पुऱ्या होतील, नाहीतर काहीच होणार नाही. मधल्या मध्ये लटकणं नाही. बँकेचं सॉफ्टवेअरही याच तत्त्वावर उभं असतं.

मग लबाडांनी चौकटीतलीच फट शोधली. बोलता बोलता शेवटच्या क्षणी भारी वस्तू काढायची आणि दिसायला तशीच पण हलकी वस्तू ठेवायची. समोरचा घाईत बटण दाबून मोकळा. त्यावर उपाय म्हणून मालात काही बदल झाला की होकाराचं बटण काही सेकंद बंद राहू लागलं. ‘रूनस्केप’ या ब्रिटिश गेमने तर दुसरा पडदाच आणला. तुम्हाला नेमकं काय मिळणार आणि काय जाणार, ते शब्दांत लिहून पुन्हा एकदा विचारायचं. हे आज साधं वाटतं, पण त्या प्रत्येक जास्तीच्या बटणामागे हजारो पोरांची लुटलेली तलवार आहे.

‘रूनस्केप’ ब्राउझरमध्ये चालायचा. परभणीच्या नेट कॅफेतल्या जुनाट कॉम्प्युटरवरही उघडायचा, म्हणून आमच्या पिढीतल्या काही जणांनी तो खेळला. त्यातली सगळ्यात नावाजलेली लबाडी चौकटीला हातही लावत नव्हती. कुणीतरी येऊन म्हणायचं, ‘तुझं चिलखत दे, सोनेरी काठ लावून देतो, फुकट.’ तसं काठाचं चिलखत गेममध्ये होतं, पण ते खजिन्याच्या शोधातच मिळायचं. कुठल्याही खेळाडूला ते बनवता येत नव्हतं. नवख्याला हे माहीत नसायचं. तो चौकटीत चिलखत ठेवायचा, समोरची बाजू रिकामी, आणि स्वतःच्या हाताने दोनदा होकार द्यायचा.

ही लबाडी आपल्याकडच्या कुठल्याही आजीला एका दमात ओळखू येईल. भर दुपारी, घरात बायामाणसंच असताना दारात येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणारी टोळी तीच. ‘नाणी दे, दुप्पट करून देतो’ म्हणणारा गेममधला भामटाही पैशांचा पाऊस पाडणाऱ्या बाबाचाच भाऊ. आधी थोडे खरंच दुप्पट करून द्यायचे, मग मोठी रक्कम घेऊन गायब.

‘रूनस्केप’ची कंपनी जॅगेक्स अखेर वैतागली. खऱ्या पैशाने गेममधली नाणी विकणारे चोरीच्या कार्डांवर खाती उघडत होते, त्याचा भुर्दंड कंपनीवर पडत होता. जानेवारी २००८ मध्ये तिने मोकळा व्यापारच बंद केला. दोन्ही बाजूंच्या मालाच्या किमतीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक असला की सौदा होईना. भामटे अडले, पण मित्राला भेट देणारेही अडले. तीन वर्षांनी खेळाडूंचं मतदान घेऊन, फेब्रुवारी २०११ मध्ये, तो व्यापार पुन्हा खुला झाला. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता. बाजारात चोर आहेत म्हणून बाजारच उठवणं हे काही उत्तर नाही.

आपल्या भागातल्या खऱ्या बाजारांनी दुसरा रस्ता धरला होता. मोंढ्यात किंवा जनावरांच्या बाजारात रुमालाखालचा सौदा पाहिलेले लोक अजून आहेत. दलाल आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरणार, कुठलं बोट म्हणजे किती रुपये हे त्यांचं त्यांना ठाऊक. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा, आणि भाव त्यालाच शेवटी कळणार. शेतमालाच्या व्यापारात याला हत्ता पद्धत म्हणत. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचा शेती बाजार कायदा १९३० चा. मग १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा. या सगळ्यांनी बाजार बंद नाही केला. त्यांनी रुमाल काढायला लावला. परवानाधारक अडत्या, तपासलेला काटा, उघडा लिलाव. हत्ता पद्धत त्यानंतरही बरीच वर्षं लपूनछपून चालली, ते वेगळं.

जाता जाता एक. खेळातलं नाणं आणि बाहेरचा रुपया हा घोळही मराठवाड्याला नवा नाही. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कळदार रुपया दोन्ही इथे चालायचे. १०० कळदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा हिशेब तोंडी येणारा एक आणि न येणारा दुसरा असले की कमाई कुणाची व्हायची, ते सांगायला नको.

आता आजच्या मोबाइलकडे येऊ. २ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाला, त्याची मॅक्स आवृत्ती चालू राहिली. या खेळांत स्वतःकडची बंदुकीची स्किन किंवा सूट दुसऱ्याला विकायची चौकटच नाही. मग विकायचं काय? अख्खा आयडी. आणि तो सौदा होतो गेमच्या बाहेर : इन्स्टाग्रामवर जाहिरात, टेलिग्रामवर घासाघीस, यूपीआयने पैसे. पंचवीस वर्षांत खेळांनी जी चौकट घडवत आणली, ती इथे पुन्हा शून्यावर. परत जमिनीवर टाकणं आलं, परत रुमाल आला.

रक्कमही लहान नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतल्या एका मुलाने गेमचा आयडी आणि यूसी मिळवण्याच्या नादात आईच्या खात्यातले १० लाख रुपये घालवल्याची बातमी आली होती.

सेलूला माझा एक मामेभाऊ आहे. बारावीत असताना त्याने साडेचार हजारांना एक आयडी घेतला. विकणाऱ्याने पासवर्ड दिला, याने तो बदलला, दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी आयडी बंद दाराआड. पासवर्ड बदलला तरी ज्या ईमेलवर तो आयडी मुळात उघडला होता, तो विकणाऱ्याकडेच होता. ‘खातं चोरीला गेलं’ म्हणून त्याने परत मिळवलं, आणि बहुधा पुन्हा कुणाला तरी विकलं. मी म्हटलं, तक्रार कर. तो म्हणाला, ‘दादा, पोलीस हसतील. आणि पप्पांना कळेल.’

हे दुसरं वाक्य भामट्याचं खरं भांडवल आहे. आयडी विकणं बहुतेक गेमच्या नियमांत बसत नाही, घरी सांगितलेलं नसतं, म्हणून फसलेला गप्प बसतो. पण हसण्याची भीती खोटी आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली दोन मुलांनी एका मुलाला मारहाण करून ‘रूनस्केप’मधलं त्याचं ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतला. ३१ जानेवारी २०१२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच ठरवली. मिळवायला वेळ आणि कष्ट लागलेत, म्हणजे वस्तूला मोल आहे. आपल्याकडे तर वाद इतका लांब न्यायचीही गरज नाही. यूपीआयने गेलेले साडेचार हजार हे खरे रुपये आहेत आणि खोटं बोलून ते घेणं ही साधी फसवणूक आहे. १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवण्याची शक्यता जास्त. दोन दिवसांनी केलेला फोन बहुतेक वेळा रिकाम्या खात्यापाशी पोचतो.

मामेभावाच्या मित्रांनी यावर ‘मिडलमन’ शोधला. पैसे त्याच्याकडे, आयडी त्याच्याकडे, मग तो दोघांना देणार. कल्पना अडत्याचीच आहे. फरक एवढाच, की अडत्याची मोंढ्यात गादी असते, परवाना असतो, पळाला तर दुकान मागे राहतं. टेलिग्रामवरच्या मिडलमनकडे एक फोटो आणि एक नाव. तेच फोटो, तेच नाव, मध्ये एकच अक्षर वेगळं असलेलं खातं काढायला दोन मिनिटं लागतात. म्हणूनच विकणाऱ्यानेच सुचवलेला मिडलमन हा मिडलमन नसतो, तो विकणाराच असतो. ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाक’ हा आणखी एक प्रकार. पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधल्या कलेक्ट रिक्वेस्ट बंद केल्या, एक रुमाल कमी झाला. क्यूआर आहेतच. अर्ध्या किमतीतले यूसी आणि डायमंडही तसेच. ते अनेकदा चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात. कार्डवाल्याने तक्रार केली की गेम ते काढून घेतो, कधी आयडीच बंद करतो.

जिथे चौकट आहे तिथेही झटापट थांबलेली नाही. स्टीमवर महिन्याला ७७,००० खाती लुटली जातात असं व्हॉल्व्ह कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. त्यानंतर मोबाइलवरून खात्री न करणाऱ्यांचा माल १५ दिवस अडवून ठेवायला सुरुवात झाली. जुलै २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंसाठी आणखी एक सोय आली : सौदा झाल्यापासून सात दिवसांत तो उलटवता येतो. लुटला गेलेला आपला चाकू परत आणू शकतो. आता भामटे बाहेर रोख रुपयांत चाकू विकतात, पैसे खात्यात पडले की सहाव्या दिवशी सौदा उलटवतात. उलटवणाऱ्या खात्याला ३० दिवस व्यापार बंद असतो. पण त्याला पैसे मिळालेले असतात, आणि खातं बरेचदा त्याचं नसतंच.