छायाचित्रात नसलेली गोलरक्षक

१/ १० जुलै १९९९. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील रोझ बोल मैदान. महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध चीन. प्रेक्षक ९०,१८५. त्या दिवशीचे एक छायाचित्र जगभर पोहोचले. पण ज्या खेळाडूमुळे तो क्षण शक्य झाला, ती त्यात नव्हती. तिचे नाव ब्रायना स्करी. #थ्रेड

२/ स्करी यांचा जन्म ७ सप्टेंबर १९७१ रोजी मिनेसोटा राज्यात झाला. नऊ भावंडांत त्या धाकट्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'टायटल नाइन' ही कायद्यातील तरतूद संमत झाली. संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास तिने मनाई केली. मुलींना शाळा-महाविद्यालयांची मैदाने खुली होऊ लागली, ती या तरतुदीमुळे.

३/ तरीही कायदा गावोगावी पोहोचायला वेळ लागतो. बाराव्या वर्षी स्करी फुटबॉल खेळू लागल्या, तेव्हा मुलींचा संघच नव्हता. त्या मुलांच्या संघात खेळल्या. मुलीसाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणून प्रशिक्षकांनी त्यांना गोलपोस्टसमोर उभे केले. या 'सुरक्षित' जागेने पुढे त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, तीच ही कथा.

४/ मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संघातून खेळून १९९४ साली त्या राष्ट्रीय संघात आल्या. १९९५च्या अखेरीस नऊ खेळाडूंनी महासंघाच्या करारावर सही करण्यास नकार दिला. ऑलिम्पिकमध्ये केवळ सुवर्णपदक मिळाले तरच बोनस, ही अट त्यांना मान्य नव्हती. या नऊ जणींना सराव शिबिराबाहेर ठेवण्यात आले. स्करी त्यांच्यापैकी एक होत्या.

५/ तडजोड झाली आणि संघ एकत्र आला. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला होता. अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनला २-१ असे हरवले. तो सामना ७६,४८९ प्रेक्षकांनी मैदानात बसून पाहिला. महिलांचे फुटबॉल बघायला येतो कोण, या प्रश्नाचे हे उत्तर होते.

६/ तीन वर्षांनी रोझ बोलमध्ये पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. अतिरिक्त वेळेसह १२० मिनिटे खेळ झाला, तरी एकही गोल नाही. चीनचा एक हेडर गोलजाळ्यात शिरणार, इतक्यात गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टिन लिलीने तो डोक्यानेच परतवला. निकाल पेनल्टी शूटआऊटवर आला.

७/ पेनल्टीचे गणित गोलरक्षकाच्या विरोधात असते. चेंडू अवघ्या ११ मीटरवर, मागे ७.३२ मीटर रुंद गोल आणि झेप घेण्यासाठी निमिषभर. दोन्ही संघांच्या पहिल्या दोन पेनल्टी गोलात गेल्या. चीनतर्फे तिसरी पेनल्टी घ्यायला ल्यू यिंग आली. स्करी झेपावल्या आणि त्यांनी चेंडू अडवला.

८/ त्या झेपेवर वादही झाला. पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलरक्षकाने गोलरेषेवरच राहायचे, असा नियम. स्करी त्याआधीच पुढे सरकल्या होत्या. स्विस पंच निकोल पेतिन्या यांनी ती पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली नाही. इतिहासात झेप आणि हा आक्षेप, दोन्हींची नोंद राहिली.

९/ उरलेल्या सर्व पेनल्टी गोलात गेल्या. शेवटची ब्रँडी चॅस्टेनने मारली आणि अमेरिका ५-४ ने विजयी झाली. गुडघ्यांवर बसून, जर्सी काढून जल्लोष करणारी चॅस्टेन 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' आणि 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठांवर झळकली. आनंद खरा होता, गोलही खरा होता. पण दोन्ही संघांत फरक पडला तो एकाच पेनल्टीने, आणि ती अडवली होती स्करी यांनी.

१०/ गोलरक्षकाच्या यशाचा अर्थच असा की काही घडले नाही. 'न झालेला गोल' धावफलकावर चढत नाही. त्यात स्करी या त्या विजयी संघाच्या पहिल्या अकरांतील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू. संघाचा जो चेहरा जाहिरातींतून देशापुढे मांडला गेला, त्यात त्यांचे स्थान काठावरचेच राहिले.

११/ २००० साली त्यांना राखीव बाकावर बसावे लागले. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्या पुन्हा पहिल्या पसंतीच्या गोलरक्षक झाल्या आणि ब्राझीलला अतिरिक्त वेळेत २-१ ने हरवून त्यांनी दुसरे सुवर्णपदक मिळवले. २००७च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याच ब्राझीलकडून ०-४ असा पराभवही पाहिला. एकूण आंतरराष्ट्रीय सामने १७३.

१२/ २५ एप्रिल २०१०. वॉशिंग्टन फ्रीडम या व्यावसायिक संघाकडून खेळताना खाली आलेला चेंडू पकडायला त्या वाकल्या. धावत आलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा त्यांच्या डोक्याच्या बाजूला आदळला. मध्यंतरापर्यंत त्या खेळत राहिल्या. तो त्यांचा शेवटचा सामना ठरला.

१३/ मेंदूला बसलेला हादरा, म्हणजेच कन्कशन, बाहेरून दिसत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, माणसे दार धरून उभी राहतात. इथे सततची डोकेदुखी, अंधुक नजर, विसराळूपणा आणि खोल नैराश्य. आणि बघणाऱ्याला मात्र वाटणार की ही बाई तर ठणठणीत आहे. एक वेळ अशी आली की स्करी यांच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येऊ लागले.

१४/ उत्पन्न थांबले होते. अखेर त्यांनी दोन्ही ऑलिम्पिक सुवर्णपदके गहाण टाकली. जगज्जेत्या संघाची गोलरक्षक घरभाड्याची चिंता करत होती, हे देशाला ठाऊकही नव्हते. २०१३ साली वॉशिंग्टनमध्ये डोक्याच्या मागील भागातील मज्जातंतूवर शस्त्रक्रिया झाली आणि डोकेदुखीची पकड सैल झाली. पुढे पदकेही सोडवून आणली गेली.

१५/ बऱ्या होताच त्यांनी ठरवले की हे दुखणे झाकून ठेवायचे नाही. मार्च २०१४मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्यानंतर विद्यापीठे, कंपन्या आणि परिषदांतून त्या प्रेरक वक्त्या म्हणून बोलू लागल्या. त्यांच्या भाषणांत सुवर्णपदके असतात, आणि गहाणखतही असते.

१६/ त्यांचे सांगणे साधे आहे. डोक्याला मार लागल्यावर 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्या मुलीला मैदानाबाहेर घ्या, तपासा, पूर्ण बरी होऊ द्या. याच काळात देशात या दुखापतींची चर्चा वाढत होती. २०१५ साली अमेरिकी महासंघाने १० वर्षे व त्याखालील मुलांसाठी चेंडू डोक्याने मारण्यावर बंदी जाहीर केली.

१७/ २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल 'हॉल ऑफ फेम'साठी त्यांची निवड झाली. हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला आणि पहिली महिला गोलरक्षक! वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांची जर्सी ठेवलेली आहे, 'टायटल नाइन'ची कथा सांगणाऱ्या मांडणीत.

१८/ १९९९चे ते प्रसिद्ध छायाचित्र पुन्हा समोर येईल, तेव्हा धावफलकही पाहावा. चीनच्या नावापुढे पाच पेनल्टी आणि चार गोल दिसतील. जो एक गोल तिथे कमी आहे, तिथे ब्रायना स्करी यांचे नाव वाचावे.

#क्रीडाइतिहास #महिलाफुटबॉल