बागेचा राखणदार रानात

'रान' हा आपल्या भाषेतला मोठा दिलदार शब्द आहे. शेतकरी शेताकडे निघाला तरी म्हणतो, 'रानात चाललो'. आणि जिथे कधी नांगर फिरला नाही, त्या झाडोऱ्यालाही आपण रानच म्हणतो. घरी दखनी बोलत वाढलेल्या माझ्यासारख्या कवीला या शब्दाचं फार कौतुक. या दोन रानांचं नातं किती जवळचं असू शकतं, हे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत उलगडलं. तो इतिहास आज सांगतो.

तिथल्या सॅन होआकिन खोऱ्यात द्राक्षांवर तुडतुडे पडतात आणि पानांतला रस शोषतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, तेव्हा वाटलं, प्रश्न मिटला. पण १९५०च्या दशकात तुडतुडे त्या विषाला दाद देईनासे झाले.

नदी-ओढ्याकाठच्या काही मळ्यांत मात्र त्यांचा त्रास कमी होता. तिथे ॲनाग्रस नावाची चिमुकली गांधीलमाशी वसंताच्या सुरुवातीलाच हजर असे. मिलिमीटरहूनही लहान असलेली ही माशी तुडतुड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि तिची अळी ते अंडं आतून फस्त करते. तुडतुड्यांच्या वर्षाला दोन-तीन पिढ्या होतात, हिच्या आठ-दहा. वेळेवर पोहोचली, तर बाजी तिचीच.

मग लांबच्या मळ्यांत ती उशिरा का येते? डाउट आणि नकाटा या संशोधकांनी १९६५ साली याचं उत्तर मांडलं. हिवाळ्यात वेलींची पानं झडतात. तुडतुडे पाचोळ्यात दडून बसतात, अंडी घालत नाहीत. ॲनाग्रसला तर थंडी काढायला दुसऱ्या किड्याचं अंडंच लागतं. म्हणजे मळ्यात तिला घर नाही. ते मिळतं नदीकाठच्या रानटी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत. ही आपल्या महाबळेश्वरच्या रासबेरीची नातलग. तिची पानं थंडीतही टिकतात आणि त्यांवर वेगळ्या जातीचे तुडतुडे नांदतात. त्यांच्या अंड्यांत ॲनाग्रस हिवाळा काढते आणि द्राक्षांना पालवी फुटली की मळ्यात उतरते.

मळ्याशेजारी ब्लॅकबेरी लावण्याचे प्रयोग झाले. पण काठाच्या सावलीतलं झुडूप उघड्यावर रमलं नाही. १९८४ साली आणखी एक आसरा नोंदवला गेला : फ्रेंच प्रून, म्हणजे वाळवून खातात त्या आलुबुखाराचं झाड. त्यावरच्या तुडतुड्यांच्या अंड्यांतही ॲनाग्रस हिवाळा काढते. मग काही बागायतदारांनी वाऱ्याची दिशा पाहून मळ्यालगत या झाडांच्या रांगा लावल्या. सगळीकडे सारखा गुण आला नाही, पण माशीला जवळ घर मिळालं.

रान नेहमीच मित्र असतं, असंही नाही. नदीकाठच्या याच झाडीत वेली वाळवणारा पिअर्स रोग पसरवणारे किडेही राहतात. त्यावर सरसकट तोड करण्याऐवजी रोगाला थारा देणारी झाडं काढून तिथे दुसरी देशी झाडं लावावीत, असा मार्ग नापा भागात सुचवला गेला. म्हणजे रान हटवण्याआधी ते ओळखायला हवं.

नाशिक-सांगलीकडे वेलींची छाटणी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये होते. आपल्या वेली तिथल्यासारख्या हिवाळाभर झोपत नाहीत. त्यामुळे तिथला उपाय उचलून इथे लावता येणार नाही. प्रश्न मात्र जरूर आणता येईल. आपण बांध कोरतो, पेटवतो, ओढ्याकाठची झुडपं 'बिनकामाची' म्हणून उपटतो. पिकावर कीड नसते त्या दिवसांत, तिला खाणारे किडे कुठे राहत असतील? बांधावर काडी लावण्याआधी एवढं विचारलं, तरी पुष्कळ झालं.