विशेष गरजा असणाऱ्या बालकांचा शाळाप्रवेश

दृष्टी, श्रवण, हालचाल, बौद्धिक क्षमता किंवा अध्ययनात अडचणी असणाऱ्या बालकाला योग्य शाळा मिळवून देण्याची प्रक्रिया. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

प्रवेशापूर्वीच्या तपासणीत भाषाही महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे सीमाभागातील गाव. तेथे मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. म्हणून मुलाची तपासणी घरच्या भाषेत व्हायला हवी. अन्यथा भाषेची अडचण बौद्धिक अक्षमता ठरू शकते.

रॅम्प, ब्रेल पुस्तके आणि विशेष शिक्षकाची साथ मिळाली, तर अनेक मुले गावच्याच शाळेत शिकतात. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असल्यास शिक्षणहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने घरीच शिकण्याचाही पर्याय दिला आहे.